सीमाभागातील मराठी शाळा, भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क आणि विधी आयोग: अर्ज नेमका कोणाकडे करावा?

प्रश्न: सीमाभागातील एक पालक

सर्वांना नमस्कार. कर्नाटकाच्या सीमाभागातील एका खेड्यात मी राहतो. आमच्या गावात पहिली ते सातवीपर्यंतची सरकारी मराठी शाळा आहे. माझे वडील याच शाळेत शिकले, मी शिकलो आणि आता माझी मुलगी चौथीत शिकते आहे. हजेरीपटावर आज ४३ मुले आहेत. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक निवृत्त झाले, नंतर उरलेल्या एकमेव मराठी शिक्षिकेची बदली झाली, आणि त्यांच्या जागी जे अतिथी शिक्षक आले ते मनाने चांगले व कष्टाळू असले तरी त्यांना मराठी वाचता येत नाही. गणिताच्या तासाला पुस्तकातील शाब्दिक उदाहरण माझी मुलगी किंवा तिची मैत्रीण मोठ्याने वाचते, त्यातील आकडे गुरुजी फळ्यावर लिहितात आणि बेरीज करायची की वजाबाकी हे मुलींच्या हातवाऱ्यांवरून ठरते. हे मी स्वतः वर्गाच्या दाराशी उभे राहून पाहिले आहे, आणि त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

घरातही तीच अडचण आहे. घरपट्टीची नोटीस फक्त कन्नडमध्ये येते. माझी आई ती देवघराच्या फळीवर ठेवते आणि मी रात्री कामावरून परत आल्यावर मला विचारते की यात काय लिहिले आहे. मला कन्नड वाचता येते, मी ती भाषा आनंदाने शिकलो आणि माझ्या मुलीनेही ती शिकावी अशी माझी इच्छा आहे. त्यामुळे माझी तक्रार कन्नड भाषेबद्दल नाही, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो.

गावातील तरुणांनी असे सुचवले आहे की २०२३ साली समान नागरी कायद्याच्या प्रश्नावर, कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने सर्व नागरिकांकडून जशी मते मागवली होती, तसे आपणही आपले गाऱ्हाणे सह्यांनिशी विधी आयोगाकडे पाठवावे. मला जाणकारांकडून हे समजून घ्यायचे आहे की विधी आयोगाला अशा बाबतीत काही करता येते का. दुसरे म्हणजे, मराठी ही आठव्या अनुसूचीतील, म्हणजे घटनेने नोंदलेल्या भाषांच्या यादीतील, आणि कोट्यवधी लोकांची भाषा असताना राज्यघटनेच्या दृष्टीने आम्ही ‘अल्पसंख्याक’ ठरतो का. आणि ठरत असलो तर अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांविषयीच्या कलम ३० चे संरक्षण सरकारी शाळेला मिळते का? कृपया कायद्याच्या आधारे सांगावे. धीर देणारे शब्द आम्हाला पुष्कळांनी दिले आहेत.

उत्तर: एक वकील, कोल्हापूर

तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. तुम्ही अल्पसंख्याक आहात आणि त्याबद्दल कायद्यात शंका उरलेली नाही. टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २००२ रोजी असे ठरवले की कलम ३० साठी धार्मिक असो वा भाषिक, अल्पसंख्याक कोण हे राज्याच्या लोकसंख्येवरून पाहायचे, देशाच्या नव्हे. राज्यांची रचनाच मुळात भाषेच्या आधारावर झाली असल्यामुळे भाषिक अल्पसंख्याक ठरवण्याचे एकक राज्यच असू शकते, असा त्यामागील तर्क आहे. त्याआधी १९७१ मध्ये डी. ए. व्ही. कॉलेजच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले होते की भाषिक अल्पसंख्याक असण्यासाठी वेगळी बोली भाषा असणे पुरेसे आहे, तिची लिपी वेगळी असलीच पाहिजे असे नाही. म्हणजे मराठी माणूस महाराष्ट्रात बहुसंख्याक आणि कर्नाटकात, गुजरातमध्ये किंवा मध्य प्रदेशात अल्पसंख्याक. त्यात काही विसंगती नाही.

हा विचार नंतर कोणी शोधून काढलेला नाही, हेही तुम्हाला ठाऊक असावे. ८ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या कलम २९ आणि ३० च्या मसुद्यावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अल्पसंख्याक’ हा शब्द येथे केवळ तांत्रिक अर्थाने घ्यायचा नाही हे समजावून सांगताना दोन उदाहरणे दिली होती. मद्रासकडून मुंबईत येऊन राहिलेले लोक हे पहिले उदाहरण आणि महाराष्ट्रातून बंगालमध्ये जाऊन स्थायिक झालेले महाराष्ट्रीय हे दुसरे. असे लोक तांत्रिक अर्थाने अल्पसंख्याक नसले तरी सांस्कृतिक आणि भाषिक अल्पसंख्याक ठरतात, असे त्यांनी सांगितले. तुमचे गाव बंगालमध्ये नाही इतकाच फरक. त्यात तुमचे लोक कुठून येऊन स्थायिक झालेले नाहीत. ते आपल्या जागीच होते, राज्याची हद्द त्यांच्या अंगावरून गेली.

आता कलम ३०. हे कलम अल्पसंख्याकांनी स्वतः स्थापन केलेल्या आणि स्वतः चालवलेल्या शिक्षणसंस्थांना संरक्षण देते. बेळगावातील एखाद्या मराठी शिक्षण मंडळाच्या शाळेला ते लागू होईल, पण सरकारने काढलेल्या शाळेला लागू होत नाही. तुमच्या शाळेसाठी दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली कलम २९(१), ज्यात वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. दुसरी कलम ३५०-अ. ते सांगते की भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्यासाठी पुरेशा सोयी पुरवण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्य आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरण करील, आणि त्यासाठी राष्ट्रपती राज्याला निदेश देऊ शकतील.

यातील ‘प्रयत्न करील’ हे दोन शब्द नीट वाचा. तुमच्या मुलीच्या वर्गात जे घडते आहे त्याची निम्मी कहाणी त्या शब्दांत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे असे म्हटले आहे, पण तेथेही ‘व्यवहार्य असेल तितपत’ अशी सवलत ठेवली आहे. हक्क लिहिलेला आहे, तो नाकारलेला नाही, पण अंमलबजावणीची सक्ती करणारे क्रियापद त्यात नाही.

विधी आयोगाबद्दल मात्र तुमच्या तरुणांचा थोडा गैरसमज झाला आहे असे मला वाटते. विधी आयोग हे तक्रार निवारणाचे कार्यालय नव्हे. स्वतंत्र भारतातील पहिला आयोग १९५५ साली मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आणि तेव्हापासून प्रत्येक आयोग सरकारी आदेशाने ठरावीक मुदतीसाठी नेमला जातो. त्याला राज्यघटनेचा किंवा कोणत्याही कायद्याचा आधार नाही, आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. एखाद्या तालुक्यात शिक्षक का नेमला नाही, हे विचारण्याचा त्याला अधिकारच नाही. तुमचा अर्ज भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे गेला पाहिजे. कलम ३५०-ब खाली हे पद निर्माण झाले असून त्यांची विभागीय कार्यालयेही आहेत. दिल्लीला टपाल पाठवण्याआधी तुमच्या भागाच्या कार्यालयात जाऊन या.

उत्तर: निवृत्त प्राथमिक शिक्षक, निपाणी

वकील साहेबांनी कायदा सांगितला. मी ३३ वर्षे मराठी शाळेत नोकरी केली, त्यामुळे हजेरीपटाकडून बोलतो.

ऑगस्ट १९४९ मध्ये, म्हणजे राज्यघटना लागू होण्याच्याही आधी, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक ठराव झाला होता. मुलाची मातृभाषा प्रांताच्या भाषेहून वेगळी असेल आणि ती भाषा बोलणारी किमान ४० मुले संपूर्ण शाळेत किंवा १० मुले एका वर्गात असतील, तर त्या भाषेचा किमान एक शिक्षक नेमलाच पाहिजे, असा तो ठराव. आम्ही शिक्षक याला ‘चाळीस-दहाचा नियम’ म्हणत असू. तुमच्या शाळेत ४३ मुले आहेत, म्हणजे तुम्ही आज या नियमात बसता. पण फक्त तीन मुलांच्या फरकाने बसता, आणि माझ्या दृष्टीने तुमची खरी काळजी ही असायला हवी.

त्यासाठी त्याच व्यवस्थेतील दुसरी एक सोय तुम्ही वापरावी असा माझा आग्रह आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या योजनेत ‘आगाऊ नोंदवही’ची तरतूद आहे. शाळेचे वर्ष सुरू होण्याच्या तीन महिने आधीपासून पालकांनी आपल्या मुलाला कोणत्या माध्यमातून शिकवायचे आहे हे त्या वहीत नोंदवायचे. एका शाळेत संख्या कमी पडली तर जवळपासच्या शाळांतील मुलांची आकडेवारी एकत्र करून सोय करायची, असेही त्यात आहे. ही वही उघडणे मुख्याध्यापकाचे काम आहे. मात्र पालकांनी विचारल्याशिवाय ती कपाटाबाहेर येत नाही, हा माझा अनुभव आहे.

एक प्रसंग सांगतो. नव्वदच्या दशकात मी ज्या शाळेत होतो, तेथे पहिलीच्या वर्गात नऊ मराठी मुले होती आणि वरच्या वर्गांतली धरूनही चाळीस भरत नव्हती. साखर कारखान्याच्या हंगामात बीडकडची ऊसतोड कुटुंबे गावाबाहेर खोप्या टाकून राहत. त्यांतील एका आईकडे मी तीन संध्याकाळी गेलो. मुलगी सहा वर्षांची होती आणि लहान भावाला सांभाळत होती. शेवटी भावासकट तिला शाळेत बसवायचे ठरले. दहावी नोंद तिची झाली. ती चार-पाच महिनेच आली, पण त्या नोंदीमुळे पहिलीच्या वर्गाचा शिक्षक त्या वर्षी टिकला. मार्चमध्ये कुटुंब परत निघाले तेव्हा तिला बाराखडी वाचता येत होती. नियमाने शाळेला हात दिला आणि शाळेने त्या मुलीला, असा तो व्यवहार झाला.

आणखी एक गोष्ट जरूर तपासा. प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये ‘मातृभाषा’ असा रकाना असतो. तो बऱ्याचदा पालकांना न विचारता भरला जातो. माझ्या अखेरच्या वर्षांत अशी कितीतरी मुले मी पाहिली की ज्यांच्या घरात मराठीच बोलली जात होती आणि रकान्यात दुसरीच भाषा लिहिलेली होती. अर्ज करण्यापूर्वी शाळा सुधारणा समितीच्या म्हणजे एसडीएमसीच्या बैठकीत ते रजिस्टर मागा आणि ४३ पैकी किती नोंदी बरोबर आहेत ते पाहा. अर्जातला आकडा आणि रजिस्टरमधला आकडा जुळला नाही तर अर्ज तेथेच संपतो.

उत्तर: राज्यघटनेचा अभ्यासक, पुणे

गुरुजींनी सांगितलेला नियम बरोबर आहे, पण त्याचे कायदेशीर वजन किती आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. चाळीस-दहाचा नियम हा कायदा नाही. सरकारांनी आपापसांत मान्य केलेला तो एक निकष आहे. तुमच्या आईला येणाऱ्या नोटिशीचेही तसेच आहे. जिल्ह्यात किंवा त्याहून लहान घटकात एखाद्या भाषक गटाचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक असेल तर महत्त्वाचे नियम, सूचना व नोटिसा त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, आणि एखाद्या जिल्ह्यात ते ६० टक्के असेल तर ती भाषा त्या जिल्ह्यापुरती राज्यभाषेच्या जोडीने मानावी, हे निकषही अशाच रीतीने, केंद्राचे १९५६ चे निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून पुढे आले. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण साधारण १८ ते १९ टक्के आहे. म्हणजे साठचा उंबरठा दूर आहे, पण पंधराचा ओलांडलेला आहे, आणि काही तालुक्यांत तर पुष्कळच ओलांडलेला आहे.

हे असे का झाले याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचे, म्हणजे सुधारणा सुचवणाऱ्या आयोगांचे, उत्तर त्यातच आहे. न्या. फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यांनी हे ओळखले होते की रेषा कशीही आखली तरी तिच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या भाषेची माणसे राहणारच. म्हणून अहवालात त्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र विचार होता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणि ३५०-ब आली ती यातून. पुढच्या वर्षी आयुक्तांचे पद भरले गेले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक हे पहिले आयुक्त झाले. परंतु या पदाला घटनेने दिलेले काम चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देण्याचे आहे. तो अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो आणि संबंधित राज्यांना पाठवला जातो. आयुक्त एखाद्या राज्याला आदेश देऊ शकत नाहीत. वर्षानुवर्षे अहवाल निघत आले आहेत आणि त्यांत शिक्षकांच्या रिकाम्या जागा, न उघडलेल्या आगाऊ नोंदवह्या, भाषांतरित न झालेल्या नोटिसा यांचे उल्लेख आलेले आहेत. वाचताना वाईट वाटते, कारण आजार नेमका ओळखणारा माणूस आहे पण त्याच्या हाती औषध दिलेले नाही.

पुढच्या काळात अल्पसंख्याकांसाठी ज्या संस्था निघाल्या, त्यांतून भाषिक अल्पसंख्याक बाजूलाच राहिले. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्यात केंद्र सरकार ज्यांना अधिसूचित करील तेच समाज अल्पसंख्याक अशी व्याख्या आहे, आणि आजवर अधिसूचित झालेले सहाही समाज, म्हणजे मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन, हे धर्मावरून ठरलेले आहेत. अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांसाठी २००४ साली जो राष्ट्रीय आयोग कायद्याने स्थापन झाला, त्याचीही व्याख्या अशीच आहे. त्याच वर्षी न्या. रंगनाथ मिश्र यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाच्या नावातच ‘धार्मिक आणि भाषिक’ हे दोन्ही शब्द होते. २००७ मध्ये त्यांचा अहवाल आला, पण सार्वजनिक चर्चा झाली ती जवळजवळ सगळी धार्मिक अल्पसंख्याकांच्या आरक्षणावर. त्या चर्चेचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु नावातला दुसरा शब्द चर्चेतून नाहीसा झाला ही गोष्ट मला खटकते.

आणि येथे मी वकील साहेबांशी अदबीने असहमत आहे. विधी आयोग तक्रार ऐकणार नाही हे खरे. तरीही कायद्यात उणीव कोठे आहे हे दाखवणे हेच तर त्याचे काम आहे. भाषेचा प्रश्न त्याला अपरिचित नाही: सर्वोच्च न्यायालयात हिंदी सक्तीची करणे व्यवहार्य नाही, हे २००८ सालच्या २१६ व्या अहवालात विधी आयोगानेच सांगितले होते. समान नागरी कायद्याच्या बाबतीत २१ व्या आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील सल्लापत्रात तो या टप्प्यावर आवश्यकही नाही आणि इष्टही नाही असे मत दिले, आणि तरी २२ व्या आयोगाने जून २०२३ मध्ये तोच विषय पुन्हा जनतेपुढे ठेवला. त्या दोन्ही वेळी लोकांनी पाठवलेल्या मतांमुळे देशभर चर्चा झाली. चाळीस-दहा, पंधरा टक्के आणि आगाऊ नोंदवही हे निकष एका केंद्रीय कायद्यात बसवावेत आणि आयुक्तांना कागदपत्रे मागवण्याचे व ठरावीक मुदतीत उत्तर मिळवण्याचे अधिकार द्यावेत, असे निवेदन विधी आयोगाकडे गेले तर ते अगदी योग्य जागी जाईल. फक्त त्यात तुमच्या शाळेचे गाऱ्हाणे दाखल्यापुरते यावे. मागणी कायद्यातील बदलाची असावी.

उत्तर: कन्नड मातृभाषा असलेला महाराष्ट्रातील वाचक

मी कर्नाटकाला लागून असलेल्या महाराष्ट्रातील एका तालुक्यात राहतो. घरी कन्नड बोलतो, बाजारात मराठी बोलतो आणि हे सगळे मराठीत लिहिताना मला परके वाटत नाही. जत आणि अक्कलकोटच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत हे येथील बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. माझा मुलगा अशाच एका शाळेत होता. त्याच्या वर्गावर एका वर्षी जे शिक्षक आले त्यांना कन्नड अक्षरओळख नव्हती. मूळ प्रश्नातील मुली जसे उदाहरण वाचून दाखवतात, तसेच आमच्याकडे मुले परिसर अभ्यासाचा धडा वाचून दाखवत आणि गुरुजी मराठीत विचारत की समजले का. तो प्रश्न वाचताना मी दोनदा थांबलो, कारण मला वाटले हे आमच्याच शाळेबद्दल कोणी लिहिले आहे.

म्हणून माझी विनंती अशी की निवेदन ‘मराठी भाषकांवरील अन्याय’ या शीर्षकाखाली पाठवू नका. मुंबईतील गुजराती माध्यमाच्या शाळांत मराठी सक्तीची करण्याला काही पालकांनी आव्हान दिले होते, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारची बाजू मान्य केली. ज्या राज्यात राहायचे तेथील भाषा मुलांनी शिकावी, अशी अपेक्षा राज्य ठेवू शकते, असा त्या निकालाचा आशय होता. तो निकाल मला पटतो आणि माझ्या मुलाला मराठी यावी असे मला मनापासून वाटते. पण ज्या तर्काने महाराष्ट्र मराठी शिकवतो त्याच तर्काने कर्नाटक कन्नड शिकवणार, हे आपण मान्य केले पाहिजे. राज्याची भाषा शिकवणे वेगळे आणि मातृभाषेचा शिक्षकच न देणे वेगळे. जतचे कन्नड मूल आणि तुमच्या गावचे मराठी मूल यांना कलम ३५०-अ एकाच शब्दांत वचन देते. त्या दोघांची नावे एका अर्जात आली तर तो अर्ज फेटाळणे दोन्ही राज्यांना अवघड जाईल.

उत्तर: एक वकील, कोल्हापूर

पुण्याच्या अभ्यासकांची दुरुस्ती मला मान्य आहे. मी विधी आयोगाचा रस्ता पूर्णच बंद केला होता, तो तसा बंद नाही. दोन अर्ज वेगवेगळे करावेत: आयुक्तांकडे शाळेचा आणि विधी आयोगाकडे कायद्याचा.

कन्नड भाषक मित्राच्या मुद्द्याला कायद्याचाही आधार आहे. कर्नाटकात प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाची सक्ती करण्याचा प्रश्न ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाली काढला. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, आणि कलम ३५०-अ हे राज्याला सोयी पुरवायला सांगते, एखादे माध्यम लादण्याचा अधिकार देत नाही, असे न्यायालय म्हणाले. त्या खटल्यात पालकांना इंग्रजी माध्यम हवे होते, त्यामुळे मराठी वर्तुळात तो निकाल फारसा आनंदाने वाचला गेला नाही. पण गुरुजींनी सांगितलेला ‘मातृभाषा’चा रकाना पालकांना न विचारता भरता येत नाही, हे सांगण्यासाठी तोच निकाल तुम्हाला उपयोगी पडेल.

तीन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे करायचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. तेव्हा मराठीत लिहिलेला अर्ज केवळ भाषेच्या कारणावरून परत करणे घटनेला धरून नाही. तरीही सोबत कन्नड भाषांतर जोडा. त्याने तुमचा हक्क कमी होत नाही आणि समोरच्या माणसाचे काम सोपे होते. अर्ज केल्याने राजकारणाचा शिक्का बसेल अशी भीती गावात असेल, तर जगदेव सिंग सिद्धांती खटल्यातील १९६४ चा निर्णय लक्षात ठेवा: भाषा जतन करण्याच्या हक्कात तिच्या रक्षणासाठी चळवळ करण्याचाही हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटले आहे. आणि शेवटची, फार महत्त्वाची गोष्ट: सीमाप्रश्नाचा या अर्जात एका शब्दानेही उल्लेख करू नका. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा हा दोन सरकारांमधला स्वतंत्र विषय आहे. गाव कोणत्या राज्यात असावे यावर तुमच्या मुलीचा शिक्षक अवलंबून नाही. गाव आज जेथे आहे तेथेच तिला तो मिळाला पाहिजे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. शनिवारी समितीच्या बैठकीत मी प्रवेश रजिस्टर मागितले. अतिथी शिक्षकांनी स्वतः कपाट उघडून ते काढून दिले आणि माझ्या शेजारी बसून प्रत्येक नाव वाचले. त्यांनाही या वर्गात मराठी शिक्षक यावा असे वाटते, असे ते म्हणाले. ४३ पैकी सहा मुलांच्या मातृभाषेच्या रकान्यात चूक निघाली. म्हणजे कागदावर आमची संख्या चाळीसच्या खाली, ३७ होती, आणि हे इतकी वर्षे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

रविवारी आम्ही त्या सहाही घरी गेलो आणि पालकांचे लेखी म्हणणे घेतले. पाच घरांनी मराठी लिहून दिली. सहाव्या घरातील आजी म्हणाल्या की आमच्या घरात दोन्ही भाषा सारख्याच चालतात, तेव्हा काय लिहायचे ते तुम्हीच सांगा. आम्ही सांगितले नाही. मुलाचे वडील गोव्याहून सुट्टीला येतील तेव्हा त्यांनी ठरवावे, असे म्हणून तो कागद कोरा ठेवला. आज नोंद ४२ ची आहे. पुढच्या वर्षासाठी आगाऊ नोंदवही उघडण्याचा अर्ज मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहून झाला आहे. त्याचे कन्नड भाषांतर अतिथी शिक्षकांनी तपासून दिले. विभागीय कार्यालयात सोमवारी जायचे ठरले आहे. विधी आयोगासाठीच्या निवेदनाचा मसुदा पुण्याच्या अभ्यासकांनी एकदा पाहावा, आणि जतच्या बाजूच्या शाळांतील पटसंख्या व शिक्षकांची माहिती कन्नड भाषक मित्रांना मिळवता आली तर ती कळवावी. मसुद्यात ती जागा आम्ही मोकळी ठेवली आहे.